मिरेलचं पोट आणि मी बुटकी खुर्ची

मी एक जुनी, बुटकी, मधोमध भोक असलेली खुर्ची आहे. हसलात ना? खुशाल हसा. या घरातले सगळेच आधी हसले आणि मग निमूट येऊन माझ्यावर बसले. मित्रांनो, राजाच्या सिंहासनावर कुणी बसायचं यावरून लढाया होतात. माझ्यावर तीन पिढ्या बसल्या आणि हलक्या होऊन उठल्या. आहे का कोणत्या सिंहासनाची टाप?

मला घडवलं ओनेझीमनं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार उत्तरेला, नदीकाठी त्याचं बटाट्याचं शेत होतं. पहिली मुलगी एर्मीन चालायला लागली, तसा त्यानं घरामागचा मेपल तोडला, वाळवला आणि मला जुळवलं. खिळा एकही नाही, सगळ्या खाचा आणि खुंट्या. पाठीला टेकू, बाजूंना हात, वर झाकण आणि खाली निळ्या काठाचं भांडं.

त्याची बायको म्हणाली, "एवढी बुटकी कशाला केलीस? मांजर बसणार आहे का?"

"बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत," ओनेझीम म्हणाला. "तू अधांतरी लटकून बस आणि जोर करून दाखव."

बायको काही दाखवायला गेली नाही.

मग सुरू झाले माझे कामाचे दिवस. एर्मीन बसली, तिच्या पाठचे भाऊ बसले, पुढे एर्मीनची मुलगी जोसेट बसली. सकाळी पोरांच्या पोटात कुट्टूच्या पिठाची गरम धिरडी जायची. इकडे त्यांना प्लोय म्हणतात. वर काकवी, बाजूला घेवड्याचा वाडगा. खाणं झालं की पोट आपोआप हलायचं, पोर यायचं, पाय टेकून बसायचं, काम व्हायचं. कुणी घाई करायला नसायचं, कारण घाई करणारे मोठे लोक तोवर शेतावर गेलेले असायचे.

नव्या वर्षाच्या दिवशी पाद्रीबाबा आशीर्वाद द्यायला घरोघर यायचे. एकदा घर माणसांनी भरलेलं, बसायला जागा नाही. बाबा अंगानं काटकुळे. सरळ आले आणि माझ्या झाकणावर बसले. "काय आरामशीर खुर्ची आहे हो!" म्हणाले. सगळं घर थिजलं. ओनेझीमचा पेला ओठांपाशीच राहिला. खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही. मी तर आजवर कुणाचं गुपित फोडलेलंच नाही.

आणि मग, मित्रांनो, मला बाजूला सारलं.

जोसेटला मुलगी झाली, मिरेल. जोसेटनं दुकानातून प्लास्टिकचं कडं आणलं. मोठ्यांच्या कमोडवर ते ठेवायचं आणि पोराला वर उचलून बसवायचं. पाय लटकले तर लटकू देत, कड्यावर ससा काढलेला होता ना! मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी ढकललं आणि माझ्या झाकणावर लाल फुलांची कुंडी ठेवली. एर्मीन म्हणाली, "बापाच्या हातची आहे, टाकवत नाही." हा माझा मान! कुंडीचं पाणी झिरपून मला डाग पडला, तो कुणी पुसलाही नाही.

एर्मीन आता मेमेर झाली होती, म्हणजे आजी. नवरा गेल्यावर शेत, घर, जावई, सगळं तिच्या जिभेच्या धाकात होतं. जावई मालट्रक घेऊन लांब लांब जायचा, त्यामागे मला वाटतं तीच जीभ असावी. जोसेट बटाटे निवडायच्या शेडवर कामाला. मिरेल अर्धा वेळ पाळणाघरात आणि अर्धा वेळ मेमेरजवळ.

मेमेरजवळ असली की दूध. जेवणाआधी बाटली, जेवणानंतर बाटली, रडली की बाटली. त्यावर लोण्यात कालवलेला बटाटा, चीज, पांढरा पाव. धिरडं पुढं केलं की मिरेल तोंड फिरवायची. मेमेर म्हणायची, "राहू दे गं. दूध प्यायलीये. दुधात सगळं असतं."

मलाही ते पटायचं. मला कोण विचारतंय म्हणा.

एक दिवस न्हाणीघरातून अशी किंकाळी आली की माझ्या डोक्यावरची कुंडी हलली. जोसेट पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. पोर थरथरत होती.

"खड्यासारखी शी झाली गं आई. रक्ताचा थेंब दिसला."

"होतं एखाद्या वेळी. उद्या विसरेल."

मोठे विसरले. पोर विसरली नाही.

त्यानंतर मिरेलचं एक नवीनच सुरू झालं. चुलीशेजारी सरपणाची पेटी आहे, तिच्यामागे जायची. टाचा उचलायच्या, पाय एकमेकांत आवळायचे, तोंड लालभडक. मेमेर कौतुकानं म्हणायची, "बघा, कशी कुंथतेय!" मग पोर घामाघूम होऊन बाहेर यायची आणि चड्डी कोरडीच असायची.

पुढं चड्ड्या खराब व्हायला लागल्या. पातळ, घाण वासाचं काहीतरी. आत्ता बदलली की पुन्हा तेच. मेमेरनं वास घेऊन निकाल दिला, "जुलाब!" आणि जुलाबावर इकडे पिढ्यान्‌पिढ्या जे देतात ते सुरू झालं. मऊ भात, केळं, भाजलेला पाव. पोट बांधलं पाहिजे ना! मेमेरनं असं काही बांधलं की विचारू नका.

पाळणाघराच्या बाईंनी मिरेलला दारातूनच परत पाठवलं. बाकीच्या मुलांना लागण होईल, पोट थांबल्यावरच आणा, म्हणाल्या. बटाट्याचा काढणीचा हंगाम, शेडवर रजा मागायची सोय नाही. जोसेट घरी आली ती धुमसतच. आणि आत आल्या आल्या मिरेलच्या चड्डीला पुन्हा डाग.

"परत? आत्ता बदलली होती मी! मुद्दाम करतेस ना?"

मिरेलनं खाली बघितलं. दुसऱ्याच कुणाचा पराक्रम असावा तसं बघितलं. "मी नाही केली."

"मग कुणी केली? मांजरानं?"

मेमेर चुलीपाशी उभी होती. ती गप्प बसणार थोडीच! "वळण नाही लावलंस. तू एवढी होतीस तेव्हा आपली आपण जाऊन बसायचीस."

"मी कामावर जाऊ की वळण लावू? दिवसभर बाटली कोण देतं तिला?"

"मी देते, म्हणून जगलीये!"

दोघी एकमेकींवर तुटून पडल्या, आणि मिरेल हळूच माझ्या पाठीमागे येऊन लपली. मला बिलगली. तिचं पोट माझ्या पाठीला लागलं. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला लाकूड ओळखता येतं. ते पोट माझ्याइतकं टणक होतं. माझ्या सगळ्या खुंट्या आतल्या आत हादरल्या. तीन पिढ्यांची पोरं माझ्या अंगाला लागली, असं पोट कधी लागलं नव्हतं. ओरडून सांगावं म्हटलं तर मला तोंड नाही. जे एक भोक आहे, ते भलत्याच कामाचं.

मग पोरीनं खाणं सोडलं. बाटलीसुद्धा ढकलून दिली आणि घटकाभरानं ओकली.  जोसेटनं पोरीला गोधडीत गुंडाळलं आणि गाडी काढली ती थेट तालुक्याच्या दवाखान्यात. मेमेर घरी राहिली. हाताला काम हवं म्हणून तिनं भात शिजत टाकला.

दोघी परत आल्या तेव्हा पोर खांद्यावर झोपलेली. जोसेटचा चेहरा पांढराफटक.

"आई, भात उतरव."

"का? जुलाब झालेल्याला भात..."

"जुलाब नाहीत. पोट तुंबलंय तिचं. बद्धकोष्ठ."

"काय बरळतेस? चड्ड्या मी धुतल्यात! डॉक्टरीणबाईंनी काय त्यांचा वास घेतलाय?"

"आई, ऐक. आतमध्ये घट्ट गोळा साचलाय. बाईंनी माझा हात तिच्या पोटावर ठेवला, मला लागला तो. गोठलेल्या नदीवरचा बर्फ फुटल्यावर त्याचा ढीग अडकतो की नाही? मग पाणी कडेकडेनं वाट काढून आपल्या तळघरात घुसतं. तसं. वरचं पातळ त्या गोळ्याच्या कडेनं गळतंय. तिला कळतही नाही कधी गळलं ते."

मेमेरनं भाताचं भांडं चुलीवरून उतरवलं. नदी फुगल्यावर या घराची एक अख्खी रात्र छपरावर गेलेली आहे, तेव्हा तिला वेगळं समजवायची गरज नव्हती.

"म्हणजे," ती हळू म्हणाली, "पाणी आलेलं बघून मी वर आणखी बर्फ ओतत होते?"

"आणि मी तिला मुद्दाम करतेस म्हणून रागावत होते." जोसेटनं पोरीला खांद्यावर सावरलं. "त्या पेटीमागे ती कुंथत नव्हती गं. शी दाबून धरत होती. एकदा दुखलं ना, म्हणून पुन्हा येऊच द्यायची नाही. जितकी धरली तितकी आत वाळली, जितकी वाळली तितकी भीती वाढली."

मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळ वास सोसले, पण असा धक्का कधी सोसला नव्हता. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एक एवढीशी पोर एकटी झुंजत होती, आणि आम्ही कौतुक करत होतो!

डॉक्टरीणबाईंनी पावडर दिली होती. ती सांगितली तेवढीच पाण्यात कालवून द्यायची, साचलेलं निघून गेलं तरी मनानं बंद करायची नाही, महिनोन्‌महिने चालेल म्हणाल्या. भरपूर पाणी, नाशपाती, शिजवलेले सुके आलुबुखार, घेवडा, धिरडी. आणि दूध कमी.

"दूध कमी?" मेमेर उसळली. "दुधानं कधी कुणाचं वाईट झालंय?"

"तिचं झालंय, आई."

मेमेर बसली. 

"आणि जेवण झालं की थोडा वेळ बसवायचं," जोसेट पुढं म्हणाली. "झाली तर झाली, नाही तर उठवायचं. ओरडायचं नाही. पाय टेकलेले हवेत, गुडघे जरा वर. लटकत्या पायांनी जोर लागत नाही म्हणे..."

बोलता बोलता ती थांबली. दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं. कुंडी उतरली. मला गरम पाण्यानं, साबणानं घासून काढलं, उन्हात ठेवलं. काय सांगू, माझा ऊर भरून आला! मला वाटलं, आता पोर धावत येईल.

पोर आली, मला बघितलं आणि किंचाळली. मेमेरच्या झग्यात तोंड खुपसलं. तिच्या लेखी जिथं बसायचं तिथं दुखायचं. माझी सगळी मिजास त्या एका किंकाळीत उतरली.

मेमेरनं तिला ओढलं नाही. "बरं बाई, तू नको बसूस. मेमेर बसते," म्हणाली आणि अंगातल्या कपड्यांसकट माझ्यात बसली. बाई भरभक्कम! बसली खरी, उठता येईना. जोर करून उठली तर मीही तिच्या मागे चिकटून उठले. ती टेबलाकडे वळली, मीही वळले. जोसेटनं तोंडावर हात दाबला. मिरेलनं झग्याआडून बघितलं, आधी फिसकन, मग खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी त्या घरात ते हसू ऐकू आलं. जोसेटनं हिसका देऊन मला सोडवलं तेव्हा माझा डावा हात काडकन मोडला.

"मेमेर, शी झाली?" मिरेलनं विचारलं.

"नाही गं राणी. मेमेरचं डोकं तुंबलं होतं, ते मोकळं झालं." मग मेमेर खाली वाकली. ही बाई पाद्रीबाबांसमोरसुद्धा कधी नमली नव्हती. "चुकलं माझं. तुला दुखत होतं आणि मला कळलं नाही."

 मिरेलनं माझा मोडका हात उचलून मेमेरच्या हातात दिला. म्हणजे दुरुस्त कर.

साचलेलं निघायला वेळ लागला, आणि ते दिवस सुखाचे नव्हते. तेव्हा पुन्हा लंगोट बांधले, कुणी नावं ठेवली नाहीत. नंतर मिरेल नुसती माझ्या झाकणावर बसायची. मग झाकण उघडून बसायची, पण कपड्यांसकट. कुणी घाई केली नाही. मेमेरची जीभ खाजायची, मला दिसायचं, पण ती तोंडात धिरड्याचा तुकडा कोंबायची आणि गप्प राहायची.

आणि एका सकाळी, न्याहारीनंतर, मिरेल पाय टेकून बसली होती. हातात आलुबुखार, तोंड चिकट. अचानक तिचे डोळे मोठे झाले. तिनं माझा धड असलेला हात घट्ट धरला. जोसेट जागच्या जागी थांबली. मेमेरच्या तव्यावर धिरडं करपत होतं, तिनं ते करपू दिलं.

भांड्यात आवाज झाला.

मिरेल उठली. वाकून आत बघितलं. मग आईकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर असं आश्चर्य होतं की जणू इतके दिवस कुणीतरी तिला फसवत होतं.

"दुखलं नाही," ती म्हणाली. "आई! दुखलं नाही!"

जोसेट तिथंच जमिनीवर बसली आणि रडली. मेमेरनं तवा खाली उतरवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतरही कधी चड्डी खराब झाली. कधी पोर पुन्हा पेटीमागे जाऊन उभी राहिली. आता 'कुंथतेय' असं कौतुक कुणी केलं नाही. मेमेर नुसता हात पुढं करायची आणि दोघी माझ्याकडे यायच्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी रडगाणं गातात की आम्हाला पुसा, रंगवा, जपा. मला तसलं काही नको. माझा हात तारेनं बांधलाय, मला चालतं. तुमच्या घरातलं लहान भावंड कोपऱ्यात पाय आवळून उभं दिसलं, त्याचं पोट टणक लागलं, चड्डीला डाग दिसला, तर त्याला हसू नका, 'मुद्दाम करतोस' म्हणू नका. आपल्या मनानं निकाल देऊ नका, मोठ्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे न्यायला लावा. आणि तुम्हाला स्वतःला तिथं दुखत असेल तर लाजून गप्प राहू नका. मला तोंड नव्हतं म्हणून मी गप्प राहिले. तुम्हाला आहे.