पूजेला बसलेली मशीन

आमच्या लॅबमध्ये दसऱ्याला सर्व्हर बंद करतात. का, म्हणून मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. तेव्हा खुशालरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. "चालू औताची पूजा पाह्यली का कुठी?" एवढंच ते म्हणाले आणि हार आणायला निघून गेले.

खुशालराव आमचे मॅनेजर. चांदूर बाजारकडची काळी जमीन भाऊ वाहतो आणि हे अमरावतीच्या राजापेठेतली आमची रक्त-लघवी तपासायची लॅब सांभाळतात. मालक डॉक्टरसाहेब खरे, पण खुर्ची कोणत्या भिंतीला लावायची हेसुद्धा खुशालरावांना विचारून ठरतं. ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार आणि हत्यार दसऱ्याला धुऊन-पुसून, शांत ठेवून पुजायचं, हे त्यांचं म्हणणं. सर्व्हर धुता येत नाही हे मी त्यांना पटवलं. तेवढंच पटलं.

आता हा सर्व्हर म्हणजे काय, तर सगळ्या पेशंटांचे रिपोर्ट पोटात घेऊन बसलेली एक जुनाट मशीन. अमरावतीत नमुना घेतला, अकोल्याच्या शाखेत तपासला, चांदूर बाजारच्या डॉक्टरनं मोबाइलवर पाहिला, तरी सगळं त्या एका मशीनमधून जायचं. एकदा बंद केली की ती परत उठताना असे नखरे करायची की माझ्याशिवाय कोणाला दाद देत नसे. मधेच बसली, तर मी आईबरोबर कुठे गेलेली असले तरी लॅबचा फोन यायचा आणि आम्ही अर्ध्यातून परत. त्यामुळे दसऱ्याला ती झोपवायची मी आणि उठवायचीही मीच. लॅबमध्ये बाकी सगळे सोनं वाटत, पेढे खात. मी स्क्रीनसमोर बसून मनातल्या मनात शिव्या घालत असे.

आणि दसरा म्हणजे आमच्या घरी दीक्षाभूमी. बाबा होते तोवर आम्ही तिघं नागपूरला जायचो. बाबा खांद्यावर डब्याची पिशवी घेऊन पुढे, आई पांढरं लुगडं नेसून मागे आणि मी मध्ये. बाबा गेले आणि त्याच वर्षी मला ही नोकरी लागली. तेव्हापासून आई शेजारच्या सीमामावशीबरोबर जाते. येताना माझ्यासाठी न चुकता एक पुस्तक आणते. सुरुवातीला ती आठवडाभर आधी विचारायची, "पौर्णिमा, यंदा जमते का वं?" मग तिनं विचारणं सोडून दिलं. ती रागावली असती तर मी भांडले असते, भांडण मला चांगलं जमतं. पण न विचारणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? मला आतून फार लागायचं ते.

यंदा उन्हाळ्यात ती जुनी मशीन भरदुपारी बसली. हॉल पेशंटांनी भरलेला, रिपोर्ट एकाचाही निघेना. एक काकू तर काउंटरवर चढायच्याच बाकी होत्या. त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मी तापल्या तव्यावर पोळी भाजून घेतली. एक नाही, दोन सर्व्हर घ्या म्हटलं, आणि रिपोर्ट दोघींच्या पोटात न ठेवता बाहेर, साठवणीच्या एका वेगळ्या डब्यात ठेवू. एक मशीन पडली की दुसरी तोच डबा घेऊन काम पुढे चालवेल. पेशंटला कळणारसुद्धा नाही. ते हो म्हणाले. मी बाहेर येऊन जिन्यात एकटीच हसले.

जोडणी मात्र म्हणावी तितकी सोपी निघाली नाही. दोन मशिनींमध्ये एक वायर असते. त्या वायरीतून दोघी एकमेकींना सारखं सांगत असतात, मी जिवंत आहे, मी जिवंत आहे. त्या बोलण्याला हार्टबीट म्हणतात. वायर तुटली, की दोघींनाही वाटतं दुसरी मेली. मग दोघी एकाच डब्यात एकाच वेळी लिहायला लागतात आणि सगळा काला होतो. खोट्या पेशंटांवर चाचणी घेताना मी ती वायर मुद्दाम उपटून पाहिली. खुशालरावांच्या नावानं केलेल्या खोट्या रिपोर्टात चौथा महिना लागल्याचं निघालं. मी तो त्यांना दाखवला नाही, पण हसून हसून पोट दुखलं. आणि मग घाबरलेही, कारण हा खरा पेशंट असता तर?

म्हणून तिसरं मत हवं होतं. दोघींचं भांडण झालं की निकाल देणारं कोणी तरी. ते छोटं यंत्र मी अकोल्याच्या शाखेत बसवलं. तिथल्या देवमनच्या टेबलाखाली ते असतं. दोघींमध्ये बोलणं तुटलं, की दोघी अकोल्याला विचारतात. अकोला जिच्या बाजूनं मत देईल ती राहते आणि ती सगळ्यात आधी दुसरीची वीज तोडते. दया नाही, माया नाही. काम तिनं नंतरच हातात घ्यायचं. अमरावतीचं भांडण अकोल्यानं मिटवायचं, हे ऐकून देवमन महिनाभर कॉलर ताठ करून फिरत होता. "मॅडम, शेवटी आमच्यावाचून तुमचं भागत नाही," असं तो प्रत्येक फोनवर म्हणायचा.

खुशालरावांना मी दसऱ्याच्या आधी नव्या मशिनी दाखवायला नेलं.

"दोन झाल्या तं दोघींची पूजा करा लागन," ते म्हणाले.

"करा. पण बंद फक्त दोन नंबरची करायची. तिच्या बटणावर मी लाल टिकली लावली आहे. पूजा झाली की तेच दाबून चालू करा. एक नंबरवर काम चालू राहील."

"आन् तिची पूजा चालू ठेवून करू? नाही जमत."

"तिची दिवाळीत करा ना. लक्ष्मीपूजनाला. तेव्हा दोन नंबर काम करेल."

खुशालरावांनी बराच विचार केला. दोन्ही मशिनींकडे आळीपाळीनं पाहिलं. "दिवायीले चालते," शेवटी ते म्हणाले. मी सुस्कारा सोडला.

"आणि मी त्या दिवशी नसणार."

"काहून?"

"आईला घेऊन दीक्षाभूमीला जायचं आहे. बाबा गेल्यापासून जमलंच नाही."

खुशालराव जवळजवळ ओरडलेच, "तं मंग इतके साल बोलल्या काहून नाही तुमी? मले काय सपन पडते का?"

मला त्यांचा राग यावा की त्यांच्या पाया पडावं हे कळेना. इतकी वर्षं मी दात-ओठ खात बसले होते आणि या माणसाला पत्ताच नव्हता.

आईला सांगितलं तर ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "पाहू," म्हणाली. "तो फोन काय म्हणते तुया, ते पाहू."

फोन काही म्हणाला नाही. पहाटेच्या गाडीनं आम्ही गेलो. सीमामावशी आणि तिचा गोतावळा पुढच्या डब्यात होता. नागपुरात उतरल्यापासून पांढऱ्या कपड्यांचा पूर होता नुसता. ओळखीचं कोणी नाही आणि सगळे आपले. आई माझा हात धरून चालत होती, लहानपणी मी तिचा धरायची तसा. पुस्तकांच्या दुकानांपाशी ती थांबली आणि मला म्हणाली, "यंदा तूच घे तुले पायजे ते." मी घेतलं. मग स्तूपाकडे जाणारी रांग पाहिली. तिचं शेपूट कुठे आहे तेच दिसत नव्हतं. आधी दोन घास खाऊ आणि मग रांगेत लागू, असं ठरलं. एका झाडाखाली आईनं चादर अंथरली.

पूजेचा मुहूर्त तेव्हाच होता. मी भाकरी हातात घेतली आणि मोबाइल मांडीवर ठेवला. एवढ्या गर्दीत इंटरनेट कुठलं चालायला? मशिनींचं काय चाललंय ते दाखवणारं पान उघडेचना. फोन वाजला असता तर मी चिडले असते. वाजत नव्हता, तर माझा जीव टांगणीला लागला. पोरी सासरी पाठवलेल्या आया अशाच होत असतील. खुशालरावांनी एक नंबरचं बटण दाबलं असलं तर? डब्याचीच वीज काढली असली तर? हॉलमधल्या त्या काकू माझ्या डोळ्यांसमोर काउंटरवर चढायला लागल्या.

शेवटी मीच लावला फोन. लागेना. पुन्हा लावला. झाडाच्या पलीकडे जाऊन लावला, चौथऱ्यावर चढून लावला. तिथे लागला.

"बोला मॅडम! दर्शन झालं का?" खुशालरावांच्या मागे घंटा वाजत होती.

"पूजा झाली? दोन नंबरचं बटण दाबलं ना?"

"मी कायले दाबू? आपोआप बसली ना ते पूजेले!"

"आपोआप म्हणजे?"

"म्हणजे, पुसाले गेलो. ते दोघींच्या मधातली निळी वायर आडवी येऊन राह्यली होती फडक्याले, म्हणून काढली. काढली आन् दोन नंबर आपल्यानंच बंद झाली. बटनाले हात बी लावला नाही. आमच्या तं अंगावर काटा आला. देवघरातल्या माणसासारखी शांत बसली."

त्यांनी हार्टबीटची वायर उपटली होती. दोन्ही मशिनी चालू असताना! चाचणीत जे मी मुद्दाम केलं होतं, ते त्यांनी भक्तिभावानं केलं होतं, भर कामात, खऱ्या पेशंटांच्या डब्यावर.

"रिपोर्ट?" मी कसंबसं विचारलं.

"निघून राह्यले की. थांबलेच नाही. हॉलात कोणाले काही पत्ता नाही. मंग पूजा झाली, वायर होती तिथंच खोचली, टिकलीवालं बटन दाबून चालू केली. तुमी म्हटल्याप्रमाणं."

"स्क्रीनवर काय दिसतं? नावं वाचा."

"एक, हिरवी. दोन, हिरवी. अकोला, हिरवं. तुमच्या देवमनचा फोन येऊन गेला, म्हणे आमचं मत कामी पडलं, पेढे पाठवा."

मी चौथऱ्यावर उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अकोल्यानं मत दिलं, एकीनं दुसरीची वीज तोडली, डबा शाबूत राहिला आणि हॉलमध्ये बसलेल्या एकाही माणसाला काही कळलं नाही. माझ्याशिवाय झालं सगळं. जे मी हातानं बांधलं ते माझ्याशिवाय उभं राहिलं. मला नाचावंसं वाटत होतं. "खुशालराव, दसऱ्याच्या शुभेच्छा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारून जाणारी म्हातारी हसली आणि मला "जय भीम" करून गेली.

मी धावत झाडापाशी आले.

चादर घडी करून झाली होती. डबा बंद, पिशवी भरलेली, तिच्या तोंडाला गाठ मारलेली. आई चपला घालून उभी होती. माझी पिशवीसुद्धा तिनं स्वतःच्याच खांद्यावर घेतली होती.

"चाल," ती म्हणाली. "आता निघालो तं दुपारची गाडी भेटन."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती रागावलेली नव्हती. दुखावलेलीसुद्धा दिसत नव्हती. मला फोनवर बोलताना पाहिल्याबरोबर तिनं मुकाट्यानं आवरायला घेतलं होतं, इतकंच. तिला दुसरं काही होऊ शकतं असं वाटलंच नव्हतं.

"आत जाणं राह्यलं तं राह्यलं," मला गप्प पाहून ती समजूत घालायला लागली. "आलो तं आहे ना जोडीनं. तेच बम झालं, लय झालं. रडू नको वं."

"आई, जायचं नाही आहे."

"फोन होता ना?"

"मीच लावला होता. तिथे सगळं ठीक आहे. मशीन बिघडली आणि दुसरीनं सांभाळून घेतलं. मी लागतच नाही त्यांना."

आईला हे समजायला वेळ लागला. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या दोन्ही पिशव्या तशाच सांभाळत ती मटकन खाली बसली, नुसत्या गवतावर, आणि तिनं पदर तोंडाला लावला. मी तिच्याजवळ बसले. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जात होते.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि माझ्या हातातला मोबाइल घेतला. तो उलटासुलटा करून पाहिला.

"हे बंद कसं करतेत?" तिनं विचारलं.

मी दाखवलं.