बटणाची भिंत

कासवाचं पिल्लू पुन्हा काचेला भिडलं होतं.

पुढचे दोन पाय काचेवर टेकवायचं, वर चढू पाहायचं, घसरायचं, थोडं बाजूला सरकायचं आणि पुन्हा तेच. नखांचा बारीक आवाज येत होता. खरखर, खरखर. कोपऱ्यात पोचलं की कोपऱ्याशीच झगडायचं आणि मग दुसऱ्या काचेच्या पाठी लागायचं. सकाळी ठेवलेली जास्वंदीची कोवळी पानं तशीच पडून होती. त्यांच्या कडा वाळून आत वळल्या होत्या.

"खा की रे बटणा," भिंगरी म्हणाली आणि पान उचलून तिनं ते त्याच्या नाकाशी नेलं. बटणानं डोकं आत ओढून घेतलं.

मोठ्या कोटाच्या बटणाएवढं म्हणून बटण. आणि पायाला भिंगरी लागल्यासारखी घरभर फिरते म्हणून ती भिंगरी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. चौथीत होती, पण अजून बसून जेवायची नाही. एक घास इथे, एक घास खिडकीशी.

बाबांचं काचेचं दुकान होतं. जनावरांच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात नवीन काचा बसवायच्या होत्या, तेव्हा भिंगरी बाबांबरोबर गेली होती. तिथे डॉक्टरबाईंच्या कासवीच्या अंड्यांतून पिल्लं निघाली होती, आणि ती एका टोपलीत ठेवली होती. भिंगरी त्या टोपलीपाशी जी चिकटली ती काम संपेपर्यंत हललीच नाही, असं बाबा सांगत. डॉक्टरबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते ती टोपलीभोवती सारखी गोल गोल फिरत होती.

"एक देते," त्या म्हणाल्या होत्या, "पण आधी नीट ऐका. मी रविवारी येईन. तोवर पिल्लू रुळलं, खायला लागलं, तर तुमचं. नाहीतर परत नेणार. एवढंसं असतं, उपाशी राहिलं तर हातचं जातं. आणि या पोरीच्या हातात ते कितपत टिकेल, मला जरा शंकाच आहे."

त्यांनी सगळं समजावलं. पसरट, वरून उघडी पेटी. तळाला ओलसर मातीचा जाड थर, म्हणजे त्याला उकरून आत शिरता येईल. एका टोकाला उबेचा दिवा, दुसरं टोक गार, म्हणजे हवं तिथे त्यालाच जाता येईल. लपायला अर्धं फुटलेलं मडकं. पाण्याची ताटली इतकी उथळ की हनुवटी बुडू नये. "साधी लाकडी पेटी चालेल," असंही त्या म्हणाल्या होत्या.

"लाकडी?" घरी येता येता बाबा म्हणाले. "काचवाल्याच्या घरात? लोक तोंडात शेण घालतील!"

त्यांनी दुकानातली सगळ्यात स्वच्छ काच निवडली, कडा घासून अशा गुळगुळीत केल्या की गालावर फिरवावी, आणि चार बाजू जोडून पुन्हा पुन्हा पुसल्या. पेटी बाहेरच्या खोलीत मांडली तेव्हा काच आहे की नाही तेच कळेना. माती, मडकं, ताटली, दिवा, सगळं जणू हवेत ठेवलेलं. "याला म्हणतात काम," बाबा म्हणाले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून ते दाखवू लागले.

त्या महालात बटण पहिल्या दिवसापासून येरझारा घालत होतं. आज शुक्रवार होता आणि त्यानं एका पानाला तोंड लावलं नव्हतं.

भिंगरीनं करायचं ते सगळं करून पाहिलं. दिवा खाली घेतला, वर केला. मडकं इकडचं तिकडे हलवलं. पानं बारीक चिरली, मग चिरलेली नकोत म्हणून अख्खी ठेवली. मातीवर पाणी शिंपडलं. बटणाला उचलून पानाच्या मधोमध बसवलं. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि जीव टांगणीला लागला की तिचे हात आणखी चालायचे.

"मला कुणी असं सारखं उचलून पानावर बसवलं असतं, तर मीसुद्धा जेवले नसते," आई म्हणाली.

"डॉक्टरबाईंनी नेमकं किरकिरं आपल्या गळ्यात मारलंय," बाबा म्हणाले. "पेटीत काही खोट नाही."

"पेटीला कोण बोललं, अहो?"

"कुणी बोलायच्या आधीच सांगतोय."

आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे ऐकत होते. काचेचं दुकान मुळात त्यांनीच काढलेलं. आता त्यांच्या हाताला कंप सुटला होता, म्हणून ते काच कापत नसत. त्यांनी भिंगरीला जवळ बोलावलं आणि तिच्या तळहातावर लांबीचा एक गोळा ठेवला. खिडकीला काच बसवताना फटीत भरतात ती लांबी, कणकेसारखी मऊ.

"हे मळत बस. हात हलू देत, पाय नकोत. आणि बघ."

"काय बघू?"

"ते काय करतंय ते. का करतंय ते आत्ता विचारू नकोस. काय दिसतं तेवढंच मला सांग."

भिंगरी खाली बसली. लांबी मळत राहिली. दोनदा उठायला गेली, दोनदा आजोबा नुसते खाकरले.

"काचेवर चढतंय," ती म्हणाली.

"बरं."

"आता दुसऱ्या काचेवर." थोड्या वेळानं म्हणाली, "आजोबा, मडक्यामागे गेलं की ते चढत नाही. तिथे नुसतं चालतं. मडकं संपलं की पुन्हा खरखर."

"हं," आजोबा म्हणाले. भिंगरीला त्यांचा रागच आला. माहीत असेल तर सरळ सांगायला काय होतं या म्हाताऱ्या माणसांना?

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती तडक दुकानात गेली. बाबा समोरच्या शिंप्याच्या दुकानाला दर्शनी काच बसवत होते. काच चौकटीत बसली, बाबांनी फडकं फिरवलं, आणि मग डब्यातला चुना बोटानं घेऊन काचेच्या मधोमध भली मोठी फुली मारली. नवीन काचेवर अशी फुली मारल्याशिवाय बाबा कधी जागचे हलत नसत. लोकांना काच बसल्याचं माहीत नसतं, रस्ता मोकळा समजून माणूस सरळ चालत येतो आणि कपाळमोक्ष होतो. लहानपणी भिंगरीच्याच कपाळावर असं टेंगूळ आलं होतं.

तिनं फुलीकडे पाहिलं. कपाळाला हात लावला. आणि घराकडे पळत सुटली.

"आजोबा! त्याला वाटतंय पुढे रस्ता आहे! त्याला काच दिसतच नाहीये!"

शाळेच्या दप्तरातला खडू काढून तिनं चारही काचांवर बाहेरून फुल्या मारल्या आणि पोटावर पालथी पडून ती पाहू लागली. बटण आलं, फुलीच्या बरोबर मध्यावर दोन्ही पाय टेकले, आणि खरखर सुरू.

भिंगरीचा चेहरा उतरला. "फुली मारली तरी कळत नाही याला."

"तुला फुलीचा अर्थ कुणी शिकवला?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही."

"आणि बटणाला?"

लांबीचा गोळा भिंगरीच्या बोटांत फिरत राहिला. मग ती मडक्याकडे पाहत राहिली, जिथे बटण झगडत नव्हतं, नुसतं चालत होतं.

"म्हणजे त्याला खूण नको," ती हळूहळू म्हणाली. "भिंतच हवी. मडक्यासारखी. दिसणारी."

दुकानात काचा गुंडाळायचा तपकिरी कागद घरात ढिगानं होता. भिंगरीनं पेटीच्या चारही बाजूंना बाहेरून तो कागद चिकटवला, बटणाच्या डोक्याच्या बराच वर येईल असा. कुठे वर, कुठे खाली, कुठे सुरकुती. मग ती आजोबांच्या पायाशी बसली, आणि दोघं ऐकू लागली. बटण कागदापाशी आलं. थांबलं. मान लांबवून कागदाच्या कडेकडेनं चालत गेलं, कोपऱ्यात वळलं, परत चालत आलं. आवाज नव्हता.

बाबा संध्याकाळी घरी आले. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"हे काय? माझ्या काचेचं पार्सल कुणी केलं?"

"मी," भिंगरी म्हणाली. "बाबा, त्याला काच..."

"अगं, काच झाकायला बनवतात का? उद्या डॉक्टरबाई येणार आहेत! काय म्हणतील त्या, काचवाल्यानं फुटकी काच लपवली?" आणि त्यांनी समोरचा कागद टर्रकन ओढून काढला.

भिंगरी रडली नाही. तिनं फक्त तोंडावर बोट ठेवलं. "ऐका."

बाबा काहीतरी बोलणार होते. इतक्यात बटण वळलं, उघड्या पडलेल्या काचेकडे थेट चालत आलं आणि पाय टेकले.

खरखर. खरखर.

बाबा उभे राहिले होते तसेच राहिले. त्या पिल्लाचं पोट काचेतून त्यांना दिसत होतं, पिवळट, आणि पुन्हा पुन्हा घसरणारे दोन पाय. काच इतकी स्वच्छ होती, की ते अधांतरीच धडपडतंय असं वाटावं.

"दिवसभर हेच करतं?" त्यांनी विचारलं.

"आज सकाळपर्यंत करायचं. दुपारपासून नाही. तुम्ही येईपर्यंत."

आई दारात येऊन उभी होती. तिला बोलायला पुष्कळ होतं, पण या वेळी तिनं ते गिळलं.

बाबांनी फाटलेला कागद चुरगळून खिशात घातला. मोजपट्टी आणि सुरी घेऊन ते खाली बसले. "लावायचाच तर नीट लावा," ते पुटपुटले. "हा काय कागद चिकटवायचा प्रकार झाला?" चारही बाजूंचा कागद त्यांनी पुन्हा कापला, सरळ रेषेत, एक सुरकुती न ठेवता. भिंगरीनं डिंक लावून दिला. शेवटची पट्टी बसली तशी खोली शांत झाली. बटण मडक्याखाली गेलं आणि बाहेर आलं नाही. भिंगरीनं ताजी पानं ठेवली आणि, हे विशेष, पुन्हा हात लावला नाही.

पण सकाळी पानं तशीच होती. मडक्याखाली नुसती उकरलेली माती दिसत होती.

डॉक्टरबाई आल्या त्या उभ्या उभ्याच. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात झाकणाला भोकं पाडलेला डबा. डबा पाहून भिंगरीनं आईचा पदर पकडला.

"कागद लावलात? छान," त्या म्हणाल्या. बाबा छताकडे पाहू लागले. "खाल्लं काही?"

आईनं तशाच पडलेल्या पानांकडे बोट दाखवलं.

"बरं. बघू दे मला." त्यांनी मडक्याकडे हात नेला.

"नका!" भिंगरी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे, आत्ता नका काढू. ते पहिल्यांदाच मातीत शिरलंय. काढलं की पुन्हा घाबरेल. आपोआप येईल, ऊन चढलं की. तुम्ही बसा ना."

"अगं, मला अजून दोन ठिकाणी..."

"एका जागी बसा," भिंगरी म्हणाली. हे वाक्य तिला जन्मापासून पाठ होतं. आजोबांना जोराचा ठसका लागला.

डॉक्टरबाई बसल्या. किल्ली बोटात फिरवू लागल्या. आजोबांनी लांबीचा गोळा त्यांच्यापुढे धरला, तेव्हा त्या हसल्या, पण त्यांनी तो घेतला. बाबा खिडकीपाशी जाऊन आले, दारापाशी जाऊन आले, पुन्हा खिडकीपाशी गेले. भिंगरी पेटीसमोर मांडी घालून बसली होती. तिचा एक पाय थरथरत होता, तो तिनं दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

मडक्यापाशी माती हलली.

आधी नाक आलं, मातीनं माखलेलं. मग डोकं. बटण बाहेर येऊन थांबलं, दिव्याखाली गेलं, पाय पसरून बराच वेळ पडून राहिलं. बाबा काहीतरी बोलायला वळले, तर आईनं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. मग बटण उठलं. काचेकडे गेलं नाही. पानापाशी आलं, मान वाकडी करून त्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि त्याचा नेम चुकला. दुसऱ्यांदा उघडलं, तेव्हा पानाच्या कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा कमी झाला होता.

डॉक्टरबाईंनी रिकामा डबा खांद्यावरच्या पिशवीत टाकला. लांबीचा गोळा मात्र त्या परत द्यायला विसरल्या.

"चहा टाकू का?" आईनं कुजबुजत विचारलं. "भिंगरी, कप आण बाळा."

"थांब ना," भिंगरी म्हणाली. ती जागची हलली नाही. "ते अजून जेवतंय."