वरमायेचं न्हाणं

गोजरबाईच्या टाळूवरचे केस गेले त्याला चार वर्षं झाली होती आणि ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: ती स्वतः, नवरा पुंजाराम आणि नगरच्या एका दवाखान्यातली डॉक्टरीणबाई. आधी खाज सुटली, मग आग व्हायला लागली, मग फणीत झुबके आले आणि शेवटी तळहाताएवढी जागा गुळगुळीत होऊन चकाकू लागली. माक्याचं तेल झालं, कांद्याचा रस झाला. इकडून तिकडून कानावर पडलं म्हणून आणखी काय काय चोपडलं ते सांगण्यासारखं नाही. डॉक्टरीणबाईंनी मात्र स्वच्छ सांगितलं, की आत केसांची मुळंच मेली आहेत, तिथं वण धरलाय, आता केस उगवायचे नाहीत. मलमानं पुढं पसरायचं थांबलं तर थांबेल. हे कुणाला लागत नाही आणि यात तुमची काही चूक नाही.

पुंजारामला स्वतःला दहा वर्षांपासून टक्कल होतं. भर पारावर फेटा काढून तो ते ऐटीत पुसत बसायचा आणि गोजरबाईला नेमका त्याचाच राग यायचा. पुरुषाच्या टकलाला कुणी हिंग लावून विचारत नाही, बाईचं मात्र गावभर होतं.

एकाहत्तर सालच्या वैशाखात त्यांच्या मच्छिंद्रचं लग्न निघालं. मुलगी हौसा, कोपरगावकडची, उसाच्या गावची. नेवाशाहून वऱ्हाड ट्रकनं निघालं तेव्हा गोजरबाईनं डोक्याला रुमाल बांधला, रुमालाला आकडे लावले, त्यावरून पदर घट्ट घेतला आणि एवढा बंदोबस्त करूनच ती ड्रायव्हरशेजारी बसली. बायकांना वाटलं, वरमाय आहे, मान ताठ असणारच.

जानवसघर मराठी शाळेत होतं. नेवाशाकडं विहिणीचे पाय धुतले की झालं, पण या घरची रीत वेगळी निघाली. नवऱ्या मुलीची आई रतनबाई पाचपंचवीस बायका आणि वाजंत्री घेऊन दारात आली आणि म्हणाली, चला न्हायला. मांडवात पाट मांडलेला. वरमायेच्या डोक्याला सुगंधी तेल चोळायचं, शिकेकाई लावायची आणि बायकांनी भोवती बसून तिला नावं ठेवणारी गाणी म्हणायची.

गोजरबाईनं पदर आणखी घट्ट ओढला. मला सर्दी झालीय, असं ती म्हणाली. वैशाखात.

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. वरमाय रुसली हे कळायला आणखी काय लागतं? रतनबाई मुकाट्यानं परत गेली आणि हिरवं लुगडं घेऊन आली. गोजरबाईनं कळवळून सांगितलं की मला खरंच काही नको. आता, मला काही नको असंच तर प्रत्येक रुसलेली वरमाय म्हणते. मग पितळी घंगाळ आलं. तेही नको म्हटल्यावर आणखी मोठं घंगाळ आलं. मग व्याही आसाराम टोपी हातात घेऊन आला आणि आमचं काय चुकलं ते तेवढं सांगा म्हणाला. काहीच चुकलं नाही म्हणता म्हणता गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाहून तो बिचारा जास्तच घाबरला. पुंजारामनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण बायकोनं अशा नजरेनं पाहिलं की तो चहाचं बघायला निघून गेला.

ऊन वर आलं. शाळेच्या खिडकीखालून दोन बायका बोलत गेल्या, की सासू भलतीच खाष्ट दिसते, हौसाचं काही खरं नाही. गोजरबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मुलगी व्हावी म्हणून तिनं किती नवस केले होते. घरात येईल ती सून नाही, लेकच, असं ती वर्षभर सगळ्यांना सांगत आली होती.

एवढ्यात रतनबाई एकटीच आत आली. तिचे कान मोकळे होते. तिनं मूठ उघडली, आत दोन बुगड्या.

"माज्या आईच्या हायेत," ती म्हणाली. "यापरीस जास्त न्हाई माज्याजवळ. एवढ्या घ्या अन् चला इहीनबाई. पोरगी मांडवात रडतीया."

गोजरबाई उठली आणि तिनं दार लावलं. मग फळ्याकडं तोंड करून खाली बसली, पदर मागं टाकला, आकडे काढले, रुमाल सोडला.

"ह्यो बगा माजा रुसवा," ती म्हणाली.

रतनबाई बघतच राहिली. मग मटकन तिच्या शेजारी बसली आणि तोंडात पदर कोंबून इतकी हसली की तिला उचकी लागली. "आवं, आमी तर घर इकायला निगालो हुतो," एवढंच तिला बोलता आलं. गोजरबाईलाही हसू फुटलं. दोघी पोरींसारख्या हसल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते दोघींनाही कळलं नाही.

रतनबाई मोठ्या मनाची. ती म्हणाली, इथंच दार लावून न्हाऊ घालते, कुणाला कळायचं कारण नाही. गोजरबाईनं क्षणभर विचार केला. दार लावून न्हायलं तर डोकं झाकलं जाईल, पण बाहेर सगळे म्हणणार की पोरीच्या आईचे कान मोकळे केले तेव्हा कुठं वरमाय उठली. हौसा तेच मनात धरून तिच्या घरी येणार. तिनं बुगड्या घेतल्या, रतनबाईच्या कानांत आपल्या हातानं घातल्या आणि म्हणाली, "चला मांडवात."

पाटावर बसून तिनं सगळ्यांसमोर पदर खाली केला. बायका तिच्या नाकाला आणि चालीला नावं ठेवत होत्या, त्या एकदम गप्प झाल्या. वाजंत्रीही थांबली. खरोखरचं वैगुण्य दिसल्यावर गाणं म्हणायचं तरी कसं?

"गप का झाल्या?" गोजरबाई म्हणाली. "नाकाला नावं ठिवली, आता ह्येला ठिवा. मला सून न्यायची हाय, तिच्यापासून काय झाकू?"

शेवटी सगळ्यांत म्हातारी राहीबाई घसा खाकरून पुढं सरकली.

"इहीनबाईच्या टाळूवर गं चांदनं पडलं,
दिवा लावायचं तेल आमचं वाचलं."

मांडव हसण्यानं दणाणला. हळदीनं माखलेली हौसा खांबाआड उभी होती. रडता रडता ती फसकन हसली आणि सासूनं पाहिलं म्हणून घाबरून तिनं तोंडावर हात ठेवला. गोजरबाईनं मान हलवून तिला हस म्हणून सांगितलं.

रतनबाईनं तेल चोळलं, त्या गुळगुळीत जागेवर जरा जास्तच वेळ. पाणी घातलं, पुसलं, आणि आता पदर डोक्यावर ओढणार तोच गोजरबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या जरा," ती म्हणाली. "लई दिसांनी वारं लागतंय."