वीस पावलं माघारी

पुंजाजी हिंगोलीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होता. बावीस वर्षं त्यानं आजारी माणसं या खोलीतून त्या खोलीत नेली होती. २००३ च्या श्रावणातल्या त्या सकाळी तो सलग दुसऱ्या पाळीला उभा होता, कारण बदलीचा माणूस कळमनुरीहून आलाच नव्हता. कंबर धरली होती, डोळे चुरचुरत होते. जरा टेकावं म्हणून तो बाकड्यावर बसतो न बसतो, तोच सपना सिस्टरनं त्याला तातडीच्या खोलीत बोलावून घेतलं.

औंढ्याकडच्या एका तांड्यावरून पारुबाईला आणलं होतं. जमिनीवर झोपलेली असताना तिला मण्यार चावली होती. चावा दिसतही नव्हता, पण पापण्या मिटल्या होत्या, हातपाय लुळे पडले होते आणि श्वास बंद पडायला आला होता. नवे डॉक्टर दिपक यांनी सापाचं औषध सुरू करून घशात नळी घातली होती आणि नळीला जोडलेला रबरी फुगा ते हातानं दाबत होते. उलटी छातीत गेल्यामुळं नुसत्या हवेवर भागत नव्हतं, ऑक्सिजन लागत होता. श्वासाचं मशीन वरच्या मजल्यावर. लिफ्ट दोन महिन्यांपासून बंद, म्हणजे जायचं ते रॅम्पवरून.

पुंजाजीनं कोपऱ्यातलं छोटं सिलिंडर उचलून स्ट्रेचरवर ठेवलं, त्याची नळी फुग्याला जोडली. पारुबाईचा नवरा लालसिंग मागून ढकलायला आला. दाराबाहेर वीसेक पावलं गेले असतील, आणि पुंजाजी थांबला. सिलिंडर आपण तपासलंच नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

मागच्या उन्हाळ्यात याच रॅम्पवर एक म्हातारा दगावला होता. अर्ध्या वाटेत सिलिंडर संपलं होतं. चौकशी झाली, चूक कुणाचीच निघाली नाही. पण तेव्हापासून पुंजाजी काटा पाहिल्याशिवाय सिलिंडर हलवत नसे. आज डोकंच चाललं नव्हतं. त्यानं वाकून काट्यावर टिचकी मारली. पाव भरलेलं दाखवणारा काटा सरळ खाली बसला.

डॉक्टरांनी फुगा दाबता दाबताच चालायला सांगितलं. दोन मिनिटांचा तर रस्ता आहे, म्हणाले.

"दोन मिन्टाचा न्हाई सायेब. वळणावर गर्दी असती. अन् वरचं मशीन तयार हाय का, हे बी कुणी इचारलं न्हाई. माघारी चला."

"सिलिंडर तुम्हीच आणलंत ना मामा?"

"व्हय. चूक माझीच हाय. म्हणूनच म्हणून राहिलो, माघारी चला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. फुगा दाबतच ते वळले.

तातडीच्या खोलीत परतून खाटेजवळच्या मोठ्या सिलिंडरला फुग्याची नळी जोडली. सिस्टरनं वर फोन लावला, तर मशीन नुकतंच दुसऱ्या पेशंटचं काढलेलं, नळ्या बदलायच्या होत्या, त्यात लाइट गेलेली. पंधरा मिनिटं थांबा म्हणाले. म्हणजे तसेच गेले असते तर रिकामं सिलिंडर घेऊन वरच्या दारात उभे राहिले असते. हे सगळ्यांना कळलं.

लालसिंगनं पुंजाजीला बाजूला घेतलं.

"माघारी काहून आणली? गेली का ती?"

"न्हाई. वर तिची जागा करून राहिले. झाली की नेऊ."

सिस्टर म्हणाली होती की असल्या विषात माणूस हलत नाही, पण त्याला ऐकू येतं. म्हणून पुंजाजीनं पारुबाईच्या कानाशीही तेच सांगितलं. मग त्यानं भांडारातून भरलेलं सिलिंडर आणलं, चावी फिरवून फुसफुस ऐकली, काटा पाहिला. रॅम्पवर डबे उघडून बसलेल्या नातेवाइकांना त्यानं हात जोडून उठवलं.

वरून निरोप आल्यावर ते पुन्हा निघाले. वळणावर चाक अडकलं, स्ट्रेचरला हिसका बसला आणि घशातली नळी ओढली गेली. पुंजाजीनं एका हातानं नळी तोंडाशीच दाबून धरली, दुसऱ्या हातानं रॅम्पचा कठडा. स्ट्रेचरचा सगळा भार त्याच्या कमरेवर आला, डोळ्यांपुढं अंधारी आली. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून श्वासाचा आवाज ऐकला, नळी जागेवरच आहे अशी मान हलवली आणि ते फुगा दाबत राहिले. लालसिंगनं खालून खांदा लावला. असं करत करत ते वर पोचले.

मशीननं श्वास हातात घेतल्यावर डॉक्टर दिपक भिंतीला टेकले. त्यांची बोटं उघडत नव्हती. रागानं बोललो, असं काहीतरी ते पुटपुटले. पुंजाजीनं त्यांना कोमट पाण्यात हात धरायला सांगितलं आणि खाली गेला, कारण एक्सरेसाठी दुसरा पेशंट खोळंबला होता.

आठव्या दिवशी पारुबाईला साध्या वॉर्डात आणायचं ठरलं. मशीन निघालं होतं, डोळे उघडत होते. पुंजाजी तिला उतारावरून चाकाच्या खुर्चीत खाली आणत होता. ती त्याच्याकडं परक्या माणसाकडं बघावं तशी बघत राहिली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, जरा हळू ने भाऊ, घेरी येऊन राहिली.

"व्हय माय," पुंजाजी म्हणाला. तसंही त्या कमरेनं त्याला भरभर चालता येत नव्हतं.