तिसरा रकाना

सुगंधाने भाजी चिरायची फळी चुलीजवळ आडवी टाकली, तिच्यावर मूठभर बाजरीचं पीठ पसरलं आणि बोटाने त्यात आडव्या-उभ्या रेघा ओढल्या. मग परातीतलं मळलेलं पीठ तोडून ती सुपारीएवढे उंडे करू लागली.

"हे काय चालवलंस?" मैनाबाई तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली. "उंडे करून ठिवलेस तर वाळतील की. मग भाकरी चिरती."

"चिरू द्या आज."

हे ऐकून मैनाबाईने मान वळवली. सासूच्या देखत भाकरी चिरू देणारी सून तिने अजून पाहिली नव्हती. पण गेल्या काही महिन्यांत ही पोरगी काय काय करायला लागली होती, त्याचा नेम राहिला नव्हता. ती पुन्हा तव्याकडे वळली.

बोईसर स्टेशनच्या मागे या दोघींची खानावळ होती. तारापूरला विजेचा प्रकल्प उभा राहत होता आणि नगर-नाशिककडची माणसं कामाला येऊन धडकत होती. इकडच्या भाताने त्यांचं पोट भरायचं, पण जीव भरायचा नाही. मैनाबाईचा मुलगा बन्सी त्यांच्यातलाच. सिन्नरकडून आई आणि बायकोला घेऊन आला आणि पहिल्याच वर्षी तापाने गेला. मागे राहिलेल्या दोघींनी गावची वाट धरली नाही, चूल मोठी केली. रडत बसायला फारसा वेळच मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर ते त्यांच्या पथ्यावर पडलं.

चिंचणीचे सावे सर मुंबईच्या कॉलेजात व्यापारशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. दर रविवारी गावच्या शाळेत ते वर्ग घेत: धंद्यात निर्णय कसा घ्यावा. गवताचे व्यापारी येत, बर्फवाले येत, सुके बोंबील विकणारे येत. बाई एकटी सुगंधा. पहिल्या दिवशी एक गवतवाला म्हणाला होता, "बाई, बालवाडी पलीकडच्या खोलीत आहे." त्यावर सुगंधा म्हणाली, "मग तुमी चुकून इकडं आलात का?" आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. त्यानंतर तिच्या वाटेला कुणी गेलं नाही.

सरांचं सांगणं सरळ होतं. "जे तुमच्या हातात आहे ते डावीकडे मांडा. जे हातात नाही ते वर. पाऊस, बाजारभाव, सरकार. मग एकेका घरात बघा, पदरात काय पडतं. आणि सगळ्यात वाईट घर आधी बघा. ते सोसणार असेल तरच पाऊल उचला."

सुगंधाला हे इतकं पटलं होतं की जळण कुणाकडून घ्यायचं हेसुद्धा ती आता असंच मांडून ठरवायची. आणि सहसा तिचं चुकत नसे.

आजचा प्रश्न मात्र जळणाचा नव्हता. पाम गावाच्या बाजूला कामगारांच्या छावणीत कॅन्टीन चालवायला कुणी तरी हवं होतं. पक्की जागा, वर पत्रे, दारात नळ. कंत्राटदाराच्या हापिसाने तिला विचारलं होतं आणि उत्तर आज द्यायचं होतं. दुसऱ्या पाळीला जाताना झुंबर ते घेऊन जाणार होता. झुंबर नगरकडचा फिटर. जेवायला आला की न सांगता विहिरीवरून दोन घागरी आणून ठेवायचा आणि खाली मान घालून जेवायचा. बाकी सगळे सुगंधाला वहिनी म्हणत. झुंबर काहीच म्हणत नसे.

डावीकडे दोन गोष्टी होत्या: छावणी घ्यायची, नाहीतर आहे ती खानावळ चालवायची. सुगंधा एकेका घरात उंडे ठेवत गेली. प्रकल्पाचं काम चालू राहिलं तर छावणीच्या घरात उंड्यांची रास. काम आटोपलं तरी वसाहत राहणारच, म्हणजे तिथेही बऱ्यापैकी. तिसऱ्या रकान्यापाशी तिचा हात थांबला. छावणीचं ते घर तिने रिकामंच सोडलं. खानावळीच्या घरात एक उंडा ठेवला.

म्हणजे नाही म्हणायचं. ती पुन्हा पहिल्या घरापासून बघत आली. उत्तर तेच. तिला ती छावणी हवी होती; त्या नळाखाली आपली पातेली घासली जात असल्याचं तिने मनाशी कितीदा तरी पाहून ठेवलं होतं. तिला फार वाईट वाटलं.

"मला तरी सांगशील, ह्यो काय खेळ हाय?" मैनाबाईने विचारलं.

सुगंधाने सांगितलं. मैनाबाई भाकरी थापता थापता ऐकत होती. पहिला रकाना समजला, दुसरा समजला.

"आन् ह्यो तिसरा?"

सुगंधाने हातातला उंडा उगाच पुन्हा गोल केला. "तुमी गावी गेलात तर."

मैनाबाईचे थापणारे हात थांबले. "मी? मला वर टाकलंस? पावसासंगं?"

"दर दिवाळीला तुमीच म्हणता, आता गावी जाऊन ऱ्हाते. ट्रंक भरून ठेवलीय, वर कुलूप. तुमच्याबिगर छावणी माज्या एकटीच्यानं व्हायची नाय."

"म्हंते खरी. पर तू कवा इचारलंस का, आत्याबाई, जानार का म्हनून?"

छावणीत माणसं किती ते सुगंधाने झुंबरला विचारलं होतं, जळणाचं ट्रकवाल्याला, पिठाचं गिरणीवाल्याला. शेजारी बसून भाकऱ्या थापणाऱ्या बाईला तेवढं विचारलं नव्हतं. विचारलं आणि ती हो म्हणाली तर, ही धास्ती होती.

मैनाबाईने तवा उतरवला. फळीवरचे उंडे परातीत सारले, तळव्याने पीठ सारखं केलं आणि जाड बोटाने आपल्या रेघा ओढल्या.

"आता माजं बघ. हितं डावीकडं, ऱ्हायचं. त्याच्याखाली, जायचं." मग ती वरच्या बाजूला आली. "ह्या रकान्यात सुगंधा दुसरं घर करील. ह्या रकान्यात करनार नाय."

सुगंधाने हातातला उंडा परातीत टाकला.

"तूबी वरच हायेस," मैनाबाई म्हणाली. "बन्सी गेल्यापास्नं."

"आणि ट्रंक?"

"तुजं कुटं ठरलं तर मला जा म्हनायची पाळी तुज्यावर येईल. ते तुला तोंडानं म्हनावं लागू नये. मी आपली ट्रंक उचलीन आन् निगंन. म्हनून भरून ठिवलीय."

सुगंधाला रडू आलं आणि रागही आला. "असं कसं तुमच्या मनात आलं? मी कुटंबी गेले तरी तुमी माज्यासंगं असणार. तुमाला टाकून मी जाईन होय?"

मैनाबाईने पदराने कपाळ पुसलं. तिचे डोळे बारीक झाले. "म्हंजी जानार हायेस."

सुगंधाला आपण काय बोलून बसलो ते आता कळलं. तिने तोंड फिरवून चुलीत लाकूड सारलं, चूल नीट पेटलेली असताना.

बाहेर घागर टेकल्याचा आवाज आला, मग दुसरी. झुंबर दारात येऊन उभा राहिला.

"हापिसात काय सांगायचं?"

सुगंधा सासूकडे वळली. त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "आत्याबाई, छावणी घ्यायची का?"

"घ्यायची. पर तितली चूल मी मांडनार."

"हो म्हणून सांगा," सुगंधा झुंबरला म्हणाली.

तो मान हलवून ओसरीवर जेवायला बसला. मैनाबाईने परातीतले वाळत आलेले उंडे एकत्र मळले आणि भाकरी थापली. भाकरी चिरलीच. तिने ती तशीच भाजली, ताटात घातली आणि सुगंधाने ती नेऊन वाढली.

सुगंधा आत आली तेव्हा मैनाबाईने ट्रंक ओढून काढली होती आणि उघडली होती. दोन लुगड्यांखालून तिने लग्नकार्यात वरण वाढायचा मोठा पितळी डाव काढला आणि तो चिंचेने घासायला बसली. फळीवरच्या रेघा अजून तशाच होत्या.

"आन् ह्याचं काय?" तिने हनुवटीने फळी दाखवली.

सुगंधा हळू आवाजात म्हणाली, "बघते. रविवारी सरांकडून आले की नीट मांडते."

"सरांचं काय काम त्यात?" मैनाबाईने ओसरीकडे पाहिलं. "त्योबी वरच हाय अजून. त्याला इचार."

सुगंधाने दुसरी भाकरी घेतली आणि ती बाहेर गेली.