मोठे अनुदान येईपर्यंत

मी एक जुना डीप फ्रीजर आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या फ्रीजचा मी थोरला भाऊ, पण माझ्या पोटात आइस्क्रीम शोधू नका. मी रक्ताच्या नळ्या सांभाळतो, आणि त्याही इतक्या कडाक्याच्या थंडीत की उघडा हात लावला तर कातडी चिकटून बसेल. माझे दारही तसेच हट्टी, थंडीने कडांना बर्फ धरून घट्ट बसलेले. पाय रोवून दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय ते कुणाला दाद देत नसे.

मला विद्यापीठात आणले ते दाढीवाल्या सरांनी. विद्यापीठ आपल्या प्राध्यापकांना पदरचे थोडे पैसे देते. त्यातून छोटे काम करून दाखवायचे आणि त्या जोरावर बाहेरच्या संस्थेकडे मोठे अनुदान मागायचे, अशी तिथली रीत. सरांनी त्या छोट्या पैशांतून मला घेतले. माझे काय कौतुक तेव्हा! येईल त्या पाहुण्याला सर आधी माझ्यासमोर उभे करत. मी राखलेल्या नमुन्यांवर त्यांना मोठे अनुदान मिळाले आणि मी हुरळून गेलो. पण त्या अनुदानातून नवे चकचकीत फ्रीजर आले, आणि माझी रवानगी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत झाली. रुसून तरी कुणावर बसणार?

तिथून मला बाहेर काढले ते ताईंनी. ताई दगडखाणीतल्या कामगाराची लेक. खाणीतली धूळ छातीत बसते आणि धडधाकट माणूस चार पावलांत धापा टाकू लागतो. हा आजार रक्तावरून आधीच ओळखता येईल का, याचा शोध त्या घेत होत्या. त्यांनाही विद्यापीठाचे छोटे अनुदान मिळाले होते, पण ते खाणीवर जाऊन नमुने गोळा करण्यातच संपत आले. मी फुकट होतो, म्हणून माझे नशीब उघडले.

एकदा ताईंचे वडील, आबा, मला पाहायला आले. खोकला आवरत त्यांनी माझ्या दारावर हात फिरवला.

"खाणीवर कुणी हात पुढं करीना," ते हसत म्हणाले. "मग म्हटलं, आधी माझं घे, पोरी. मग आले सगळे. आता एवढ्या गारठ्यात माझ्या रक्ताला हुडहुडी भरली असेल की!"

"आबा, तुमचंच काहीतरी!" ताई म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

पुढे आबा गेले. त्यांच्यामागून खाणीवरचे आणखी कितीतरी गेले. छोट्या अनुदानात जेमतेम मूठभर नळ्या तपासून झाल्या होत्या. बाकीच्यांसाठी मोठे अनुदान हवे होते, आणि तोवर ते सगळे रक्त माझ्या पोटात होते. दुसरीकडे कुठेही नव्हते. आबांची नळी सगळ्यात खालच्या कप्प्यात होती.

त्याच सुमारास माझा पंखा खरखरू लागला. ताईंनी दुरुस्तीसाठी कार्यालयात खेटे घातले. उत्तर ठरलेले असे: छोटे अनुदान नमुन्यांसाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही, मोठे आले की नवाच घ्या. ताई परत येऊन माझ्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "तेवढं अनुदान येईपर्यंत तग धर रे बाबा."

मी तग धरत होतो. थंडी कमी झाली की माझा भोंगा वाजतो. मला तेवढा एकच आवाज आहे. तो हल्ली वरचेवर वाजू लागला, आणि लोकांना त्याची सवय झाली. मला भीती वाटू लागली ती तेव्हापासून.

मग रंगीत तालीम आली. बाहेरच्या समितीपुढे जाण्याआधी आपल्याच सहकाऱ्यांपुढे उभे राहायचे, ही छोट्या अनुदानाची अट. सहकारी मुद्दाम परके होतात आणि टोचून टोचून विचारतात. तालीम माझ्याच खोलीत होती. चष्मेवाले सर अध्यक्ष झाले होते आणि त्यांना भूमिका भलतीच चढली होती.

"नमुने पुन्हा मिळणार नाहीत म्हणता. मग ते सुरक्षित आहेत का?" त्यांनी दरडावून विचारले.

नेमका तेव्हाच माझा भोंगा वाजला.

"अहो, ते केकाटणं बंद करा आधी!"

ताई लगबगीने माझ्यामागे आल्या आणि त्यांनी भोंग्याचे बटण बंद केले. तिथूनच त्या ठामपणे म्हणाल्या, "हो सर. अगदी सुरक्षित आहेत."

"वा!" अध्यक्षपण विसरून सर म्हणाले. "तिथंही अगदी असंच सांगा."

सगळे हसले, चहाला गेले. बटण तसेच राहिले.

ताई समितीसाठी परगावी गेल्या. विद्यापीठाला सुट्टी लागली. आणि मित्रांनो, माझा पंखा थांबला. मी भोंगा वाजवायला गेलो, आवाज फुटेना. आधी वरच्या कप्प्यातले हिम ओघळले, मग मधल्यातले. पाणी खाली खाली उतरत होते. मी आबांच्या कप्प्यात उरलीसुरली थंडी धरून ठेवायचा प्रयत्न केला. यंत्राला किती जमणार?

सुट्टी संपायच्या आतच ताई आल्या. कानाला फोन, पाठीवर अजून प्रवासाची पिशवी.

"आई, त्यांनी तोच प्रश्न विचारला गं! मी तेच उत्तर दिलं. मिळालं आपल्याला! आता आबांचं आणि सगळ्यांचं रक्त तपासणार. थांब, आधी आबांना सांगते."

मित्रांनो, ओरडणारे यंत्र गप्प झाले म्हणजे बरे झाले, असे कधी समजू नका. त्याला हात लावून बघा. आत कुणाचे तरी आबा असतात.

ताईंनी सवयीने पाय रोवला, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि जोर लावला.

जोराची गरजच नव्हती. दार अलगद उघडले.