एक ताट बाकी आहे

“बाळाला बघायला सगळा गाव येईल, विशाखा. तुला बघायला कोण येणार, ते आधी ठरव.”

बाळंतपण उरकून मी नंदुरबारहून निघाले तेव्हा पारूमावशी म्हणाली होती. “मावशी, मला काय धाड भरलीय?” म्हणत मी गाडीत बसलेसुद्धा.

संघपालला वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून आम्ही संभाजीनगरला आलो. ओळखीचं कुणी नाही. तो कामावर गेला की घरात मी आणि चार महिन्यांची लेक. ती झोपली की मी तिच्या नाकापुढं बोट धरून बसायचे. बोटाला श्वास लागतोय? लागतोय. आता? बोट काढलं की छातीत धडधड, म्हणून बोट काढायचंच नाही. जेवण राहायचं, झोप नावालाच. मी एम.एस्सी. झालेली. हे वेड्यासारखं आहे, एवढं कळत होतं. थांबवता येत नव्हतं. फोनवर आईनं विचारलं की, ‘मजेत.’

खालच्या मजल्यावरची सगीरा मूळची पिशोरची. जिन्यात भेटून भेटून मैत्री झालेली. रमजान ईदच्या सकाळी ती सरळ दारात येऊन उभी राहिली.

“चल नाश्त्याला. नाश्ता म्हणायचा, दुपारपर्यंत चालतोय.”

“अगं, संघपाल कामावर गेलाय. बाळाला एवढ्या गर्दीत...”

“बाळाला कोण बोलावतंय? मी तुला बोलावलंय. पायजे तर बाळाला बी आण.”

खाली जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दस्तरखान अंथरलेलं. शीरखुर्म्याचे वाडगे, नानची चळत, मटणाच्या पिवळ्या खलियाचं पातेलं आणि दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं. सगीराच्या सासूबाईंना सगळे अम्मी म्हणतात. त्यांनी हात पुढं केले. “ला बेटा, मेरे पास दे. तू खा.”

मी लेक दिली नाही. मांडीवर ती झोपली तसं माझं बोट तिच्या नाकाशी गेलं. अम्मींनी ते पाहिलं. शेजारी सरकून बसल्या आणि माझ्या बोटाजवळ त्यांनी आपलं बोट धरलं.

“मैं बैठी हूँ ना,” हळूच म्हणाल्या.

माझा हात कधी खाली आला, मला ठाऊक नाही.

जाग आली ती शांततेनं. मी लोडाला टेकलेले, अंगावर कुणाची तरी ओढणी. लेक! ती अम्मींच्या मांडीवर होती. अम्मींचं बोट तिथंच.

मग बाकीचं दिसलं. दस्तरखान तसंच अंथरलेलं आणि सगळी माणसं तशीच बसलेली, हातवाऱ्यांनी बोलत. पोरं तोंडात खजूर धरून गप्प. दारात सगीराचा दीर ओवैस बेलच्या बटणावर तळहात ठेवून उभा. येणारा पाहुणा चपला हातानं काढून ठेवायचा, आवाज न करता गळाभेट घ्यायचा आणि ओळीत बसायचा. लासूर स्टेशनला परत जाणारे मामू आपली गाडी सोडून बसले होते.

“किती वाजले?” मी कुजबुजले.

“दुपारची अजान कवाच झाली,” सगीरा म्हणाली.

“अगं, मग उठायचं ना सगळ्यांनी!”

“कसं उठणार? एक ताट बाकी असलं तर अम्मी दस्तरखान उचलू देत नाय. अन् तुला उठवू बी देईनात.”

“भाभी,” ओवैस दारातून म्हणाला, “ईद है के इम्तिहान?”

हसण्याचा असा स्फोट झाला की लेक दचकून रडायला लागली. काय खणखणीत रडली! मी पहिल्यांदाच ते घाबरल्याशिवाय ऐकलं.

खलिया पुन्हा गरम करून आला. मी दोन्ही हातांनी नान तोडला आणि सगळे मला जेवताना बघत राहिले. ऐन सणाच्या दिवशी अख्खं घर श्वास धरून बसलं होतं, एका परक्या बाईला झोप लागावी म्हणून. एवढं मोठं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी संघपालला सगळं सांगितलं. आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडं गेलो. गोळ्या सुरू आहेत, भीती उतरते आहे. अम्मी रोज वर येतात.

तुमच्याही जिन्यात एखादी नवी आई असेल. बाळ झोपलेलं असेल तेव्हा जा. शेवटची कधी झोपलीस, विचारा. ती ‘मजेत’ म्हणेल. तरी आत जा आणि बसा. आजच जा.